आवाज बारीक येतोय

बुधवारी संध्याकाळी वेदिकाने हेडफोन कानांवर चढवला, कीबोर्डची लांब पट्टी दाबली, आणि कुणीतरी काडकन थोबाडीत ठेवून द्यावी तसा आवाज तिच्या डोक्यात घुसला. ती खुर्चीसकट मागे गेली. हेडफोन कधी ओरबाडून काढला ते तिचं तिलाच कळलं नाही. तो वायरीला धरून टेबलाखाली लोंबकळत होता आणि तिथूनसुद्धा नितेश शाहिराचं गाणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं. ढोलकी, घुंगरं, मागचा कोरस, सगळं. संगणकावरची आवाजाची पट्टी शंभरावर होती. गाणं वाजवणाऱ्या प्लेअरची स्वतःची एक निराळी पट्टी असते, ती ओढत नेली की दोनशेपर्यंत जाते आणि लाल होते. ती लाल होती. पाचच मिनिटांपूर्वी पप्पा या खुर्चीवरून उठले होते. गाणं अर्ध्यावर थांबवून, लेंग्याची नाडी खोचत, ते म्हणाले होते, "येदे, त्या अँपचा काय केलास? ह्याच्यात आवाज लय बारीक येता गो." आणि दूध आणायला साळवी स्टॉपच्या दिशेने निघून गेले होते. वेदिकाच्या मोबाइलची चार्जिंग संपली नसती तर तिने हा हेडफोन हातातही घेतला नसता. डाव्या कानात आता एक बारीक, टोकदार सूर लागला होता, सुई उभी करून ठेवावी तसा. तो थांबायची वाट बघत ती बसून राहिली. तो थांबला नाही.

अँप, म्हणजे हेडफोनचा आवाज चढवणारं यंत्र, निवडायचं काम पप्पांनी पंधरा दिवसांपूर्वी तिच्यावर सोपवलं होतं आणि ती नुसती हवेत होती. तिला हे फारच आवडायचं, कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारणं. दहावीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी वेदिका अकरावी सायन्सला आल्यापासून जी सुटली होती, ती थांबतच नव्हती. फिजिक्सच्या जर्नलच्या मागच्या पानावर तिने तक्ताच काढला होता. एक अंगठ्याएवढा यूएसबीत खोचायचा तुकडा. एक काळा चौकोनी डबा, पुढे जाड गोल बटण आणि मागे गेनचा खटका, म्हणजे खटका वर केला की आवाजाला आणखी एक जिना चढायला मिळतो. आणि एक काचेच्या पेटत्या दिव्यांचा, तो फक्त दिसायला भारी. कुठला किती मिलिवॅट, कुठल्यात खरखर कमी. हेडफोन मुंबईच्या मामाने दिलेला, वापरलेला, खोक्याशिवाय. पप्पा बारीक म्हणतात म्हणजे तो स्टुडिओतला जड हेडफोन असणार, अडीचशे ओहमचा, त्याला संगणकाची ताकद पुरत नसणार, हे तिने स्वतःच्या डोक्याने काढलं होतं आणि मैत्रिणींना दोनदा समजावूनही सांगितलं होतं. आता तिने लोंबकळणारा हेडफोन उचलला, कमान ताणली आणि आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला आकडा उजेडाकडे धरून वाचला. बत्तीस. बत्तीस ओहमचा हेडफोन तर मोबाइलवरसुद्धा बोंबलतो. तिने गणित मांडलं. उत्तर एकशे दहा डेसिबलच्या पुढे गेलं. एवढ्या आवाजात माणसाने दिवसाला दोन मिनिटंही बसू नये, असं तिनेच कुठूनतरी उतरवून घेतलेल्या चौकटीत लिहिलेलं होतं, गुलाबी हायलायटरने, छान.

पप्पा दिवसाला दोन तास बसत होते.

आणि मग एकेक गोष्ट अशी समोर येऊन उभी राहायला लागली की जणू त्या सगळ्या दाराबाहेर चपला काढून केव्हाच्या थांबलेल्या होत्या. कुकरच्या सात शिट्ट्या होऊन भात लागला, पप्पा शेजारीच बसलेले. फोन वाजला की, "तूच बोल गो, माझे हात ओले हायत," आणि हात कोरडे. जेवताना ते हल्ली आईच्या ताटाकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. रिक्षात नेहमी डावीकडे बसतात, उजवा कान माणसाकडे करून. आई एखादी गोष्ट तीनदा सांगते आणि शेवटी काजूच्या कारखान्यात काळे झालेले हात झटकत म्हणते, "ह्यांना काय, बुवा आहेत! मनात आला तर बोलतील, नायतर बसतील मिशीला पीळ देत." आणि सगळे हसतात. वेदिका सगळ्यात मोठ्याने. दुसऱ्या कुठल्याही घरात हे केव्हाच कळलं असतं. पण पप्पांचं, म्हणजे विनोदबुवांचं घर हे शक्ती-तुऱ्यातल्या शाहिराचं घर होतं. त्या खेळात दोन बाऱ्या, म्हणजे दोन गाणारे संघ, समोरासमोर उभ्या राहतात, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब बांधून गायचा. पण खरा मुरलेला बुवा समोरच्याला तेवढीही किंमत देत नाही. सवाल ऐकला न ऐकलासं करतो, मान वळवतो, भलताच टोमणा मारतो, आणि लोक त्याच्यावरच शिट्ट्या मारतात. उत्तर न देणं ही या घरातली मिजास होती. बहिरेपणा कुणाच्या मनातही आला नाही.

गणपतीतलं ते. सुई कानात वाजत असतानाच तिला ते आठवलं. हातखंब्याच्या आत, गावच्या मांडवात, नितेशने सवाल टाकला होता: कर्णाच्या रथाचं एक चाक भुईने गिळलं, तर दुसऱ्या चाकावर त्या वेळी कोण बसलं होतं? नितेश पंचविशीचा, आवाज कसा तापलेल्या पत्र्यावर सर पडावी तसा. कोरस थांबला. मांडव थांबला. पप्पा हसले. मिशीला पीळ दिला, पायातली घुंगरं एकदाच वाजवली आणि कर्णाचं नावही न घेता नितेशच्या काखेतल्या डफावर असा टोमणा गायले की लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. वेदिका पहिल्या रांगेत होती. तिनेच ते मोबाइलवर घेतलं, तिनेच कापलं, तिनेच वर लिहिलं, "पप्पांनी सवालाला भीकसुद्धा घातली नाही!" आणि सोडलं. चाळीस हजार लोकांनी बघितलं. कॉलेजात पोरं तिला 'बुवांची पोरगी' म्हणायला लागली, बारावीतली ऋजुता स्वतः येऊन बोलली, गॅदरिंगचं निवेदन तिला मिळालं. गेल्या चार महिन्यांतली तिची सगळी ऐट त्या एका मिनिटातून उगवलेली होती. आता तेच मिनिट ती पुन्हा मनात चालवून बघत होती, आणि यावेळी तिला पप्पांचे डोळे दिसले. नितेशच्या ओठांवरून ढोलकीवाल्याच्या हातावर, तिथून कोरसकडे, तिथून परत ओठांवर. अनोळखी स्टँडवर उतरलेला माणूस पाट्या शोधतो तसे.

आणि त्याच व्हिडिओने नितेशच्या माणसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्यांनी पुन्हा सामना मागितला होता. या रविवारी, दुपारी तीन वाजता, गावात नाही, रत्नागिरीतच, हॉलमध्ये, खुर्च्यांवर. हॉलच्या दाराला फ्लेक्स लागला होता. एका बाजूला पप्पा, एका बाजूला नितेश, मध्ये ज्वाळा, आणि खाली लाल अक्षरांत कमिटीची अट: आधी जवाब, मग सवाल. म्हणजे या वेळी मिजास चालणार नव्हती. म्हणून पप्पा नितेशच्या सगळ्या जुन्या बाऱ्या, झालेले सामने, संगणकावर ऐकत होते. हा कुठल्या गाण्यावर कुठला सवाल काढतो, ते पाठ करत होते. परीक्षेत काय येईल त्याचा अंदाज बांधणाऱ्या पोरासारखे. वेदिकाने पट्टी दोनशेवरून शंभरावर आणली. मग परत दोनशेवर नेऊन ठेवली, होती तशी, कुणाच्या कपाटात चुकून हात गेल्यावर वस्तू जागच्या जागी ठेवावी तशी. दूध घेऊन पप्पा आले. "काय गो, आसा काय बघतंस?" "काही नाही," ती म्हणाली. ते तिच्या तोंडाकडेच बघत होते. "काही नाही," ती पुन्हा म्हणाली, ओठ नीट उघडून.

सांगायचं, हे तिने ठरवलं. उद्या सांगायचं. तिला भाषण येत होतं, वादविवाद येत होता, सरांची चूक भर वर्गात दाखवता येत होती. पप्पा, हेडफोन ठीक आहे. एवढंच वाक्य होतं, चार शब्दांचं. रविवारच्या आत ते बोललं गेलं नाही, तर हॉलभर माणसांसमोर त्यांची फजिती होणार होती. पण गुरुवारी पहिल्या पाळीहून पप्पा थेट कॉलेजच्या गेटवर उभे. "चल, देवदत्तकडे अँप बघून येऊया." रामआळीच्या तोंडाशी देवदत्त दादाचं दुकान; टीव्ही, मिक्सर, स्पीकर दुरुस्त करायचा, आणि हौसेने असल्या वस्तू मागवून ठेवायचा. त्याने अंगठ्याएवढा तुकडा लावून दिला. पप्पांनी मान हलवली. "बारीक." मग काळा डबा. पप्पांनी गोल बटण धरलं आणि फिरवलं; अर्ध्यावर, पाऊणवर, पार शेवटी. "अजून?" देवदत्तने हाताने विचारलं. "अजून." त्याने मागचा गेनचा खटका वर केला. हेडफोनच्या कडांमधून गाणं दुकानात सांडायला लागलं. मिक्सरचं भांडं घेऊन उभी असलेली बाई वळून बघायला लागली. आणि पप्पांचा चेहरा उघडला. वेदिकाला दुसरा शब्द सुचला नाही, कितीतरी दिवस बंद असलेल्या खोलीची खिडकी कुणी ढकलावी तसा उघडला. डोळे मिटले, मान डोलायला लागली, बोटांनी काउंटरच्या काचेवर ठेका धरला.

"वेदिका," देवदत्त दादा म्हणाला. तो कुजबुजला नाही. कुजबुजायची गरजच नव्हती, आणि तेच भयंकर होतं. "पप्पांना अँप नको गं. कानाच्या डॉक्टरला दाखव."

"माहीत आहे," ती म्हणाली. पप्पांच्या तोंडासमोर, हातभर अंतरावरून, नेहमीच्या आवाजात.

"किती दिवस झाले?"

"बर्फाच्या कारखान्यात आहेत ते. एकोणीस वर्षं झाली." ती बोलत गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती पप्पांबद्दल त्यांच्यादेखत असं बोलत होती, ते तिथे नसल्यासारखं, भिंतीवरच्या फोटोसमोर बोलतात तसं. "आणखी आवाज चढवला तर उरलंसुरलं पण जाईल ना?"

"जाईलच. हे म्हणजे बुडत्याला पाणी पाजण्यातला प्रकार."

पप्पांनी डोळे उघडले, हेडफोन मानेवर सरकवला. "काय बोलतो देवदत्त? मोठा घेऊ की बारका? येदे, तू सांग. तुला कळता त्यातला." वेदिकाला तक्ता आठवला, गुलाबी चौकट आठवली, चार शब्दांचं वाक्य घशापर्यंत आलं. आणि पप्पांचा तो उघडा चेहरा समोरच होता, अजून मिटला नव्हता. तिने काळ्या डब्यावर बोट ठेवलं. देवदत्त दादाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि तो खोकं शोधायला वाकला.

लहानपणी ती आईबरोबर बर्फाच्या कारखान्यात पप्पांना डबा द्यायला जायची. मिरकरवाड्याच्या वाटेवर. बोटी समुद्रात जायच्या आधी बर्फ भरून घ्यायच्या. पप्पा आणि आणखी दोघं माणसाएवढ्या लाद्या आकड्याने ओढत आणून क्रशरच्या तोंडात लोटायचे आणि मग जो आवाज व्हायचा, त्याला आवाज म्हणायचं की काय तेच कळायचं नाही. तो कानाने नाही, दातांनी ऐकू यायचा. तिला मज्जा वाटायची. ती घसा फोडून किंचाळायची आणि स्वतःचं किंचाळणं स्वतःलाच ऐकू यायचं नाही. मग पप्पा लादी सोडून धावत यायचे आणि दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवायचे. बर्फाचे तळवे. कान जळायचे गारठ्याने. क्रशर बंद होईपर्यंत ते तसेच वाकून उभे, स्वतःचे कान उघडे टाकून. तेव्हा तिला वाटायचं, पप्पांना काही होत नाही. बुवांना कुठे काय होतं.

शुक्रवार, शनिवार पप्पांनी रजा टाकली आणि ते काळ्या डब्यासमोर बसून राहिले. डब्यावर एक निळा ठिपका पेटलेला असायचा. खोलीभर नितेश सांडत होता, आई कामावरून आली आणि म्हणाली, "अगो, हा तर बाहेर गटारापर्यंत ऐकू येतोय! कान हायत की कपारी?" पप्पा हसले. काय ऐकून हसले देव जाणे. वेदिका अभ्यासाला शेजारच्यांकडे जाऊन बसली. तिथेही ऐकू येत होतं, किंवा तिच्या डाव्या कानातली सुई होती ती, वेगळं करता येईना. एकदा ती मुद्दाम घरी आली, पप्पांच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही." नुसती म्हणून बघितली. त्यांच्या पाठीला म्हणाली. पाठ ठेक्यावर हलत होती. शनिवारी संध्याकाळी त्यांनी हेडफोन उतरवला, डोकं झटकलं, कानात करंगळी घालून हलवली. "कुकर लावलास काय गो? शिट्टी कधीची वाजता." आई तेव्हा उंबऱ्यात भाजी निवडत होती. शेगडी बंद होती.

मग ती धीर करून उठली, वहीचं पान फाडून त्यावर मोठं लिहायला बसली. 'पप्पा, उद्या मी पहिल्या रांगेत बसते. तो सवाल टाकेल तो मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवीन.' एवढं लिहिलं तर बाकीचं न लिहिताही कळेल. कागद तिने त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचायला खूप वेळ घेतला. तिला लिहायला लागला होता त्याहूनही जास्त. मग त्यांनी गाण्यांचं बाड उघडलं, त्यांच्या गुरूंचं, रावजीबुवांचं, कापडात बांधलेलं. शेवटच्या पानाआड एक घडी होती. एका कानाच्या दवाखान्याचा कागद. त्यावर दोन रेषांचा आलेख, दोन्ही रेषा उजवीकडे खाली खाली उतरत गेलेल्या, घाटातून उतरावं तशा. वरची तारीख दोन वर्षांपूर्वीची. पप्पांनी तिचा कागद त्याच घडीत ठेवला, बाड बांधलं. "आईस सांगू नको," ते म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले, त्यामुळे आईने मान वर केली. "काय सांगू नको?" "उद्या कुठली साडी नेसायची ती!" पप्पा म्हणाले. त्यांनी आईच्या ओठांवरून बरोबर वाचलं होतं. वेदिकाला हसू आलं नाही, आई मात्र खळखळून हसली.

हॉल भरला होता. वेदिका पहिल्या रांगेत, मोबाइल उजेड पूर्ण वाढवून मांडीवर. गण झाला, गौळण झाली. पप्पांचा आवाज अजून पक्का होता. गळ्याला कानाचं अजून कळलं नव्हतं. मग नितेश पुढे आला आणि त्याने सवाल टाकला. नवा कोरा. कुठल्याच जुन्या बारीत नसलेला. भीष्म शरपंजरी पडले, त्यातला एक बाण निशाणा चुकला होता, तो कुठे गेला? वेदिकाची बोटं धावली. बाण, चुकला, कुठे. तिने मोबाइल छातीशी उभा धरला. पप्पांनी खाली बघितलं. त्यांनी वाचलं, नक्की वाचलं, तिने त्यांचे डोळे ओळीवरून सरकताना बघितले. ढोलकी थांबून जवाबाची वाट बघत होती. पप्पांनी माइक धरला. गायला नाही, बोलायला.

"मला ऐकू येत नाय," ते म्हणाले. प्रमाणाबाहेर मोठ्याने, हॉलच्या भिंती थरारल्या. "नितेश, तुझा सवाल मला ऐकू आला नाय. दोन वर्सां झाली. माझे कान गेले. डाक्टरचा कागद घरी हाय. सवाल माझ्या पोरीने लिहून दाखवला. तू जिंकलास."

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली. "अरे वा रे बुवा!" आणि हॉल फुटला. "डाक्टरचा कागद म्हणे!" "काय मारला! काय मारला!" माणसं खुर्च्यांवर चढली, टोप्या उडाल्या. नितेशचं तोंड लाल झालं. त्याचा ढोलकीवालासुद्धा तोंड लपवून हसत होता. फ्लेक्सवरची अट विसरून कमिटीचा माणूस हार घेऊन पप्पांकडेच पळाला. पप्पा दोन्ही हात हलवत होते, नाय, नाय, आणि त्यावर लोक आणखी उसळत होते. शंभरभर मोबाइल वर गेले होते. शेजारची ऋजुता वेदिकाला गदागदा हलवत होती, "घेतलंस ना? घेतलंस ना तू? आजच टाक!" वेदिकाच्या हातातल्या मोबाइलवर अजून भीष्माचा बाण होता. तिने उठून ओरडून बघितलं, "खरं आहे ते! खरं बोलतायत ते!" घसा फोडून, कारखान्यात किंचाळायची तसं. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

पप्पा हार घालून स्टेजच्या पायऱ्या उतरून आले. घाम, गुलाल, चेहरा दमलेला. "हसले काय गो?" त्यांनी विचारलं. तिने होकाराची मान हलवली. "लय हसले?" तिने पुन्हा मान हलवली. ते जरा वेळ टाळ्यांकडे बघत राहिले. माणूस दुसऱ्याच्या घरातला टीव्ही खिडकीतून बघतो तसे, नुसते हलणारे हात. "मशीन तू चांगलाच घेतलंस," ते म्हणाले. "त्याच्यात काय खोट नाय." ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात दारातून बाहेर पडता पडता पप्पांना पायऱ्यांखाली ठिणगी दिसली. पोरांनी विजयाची माळ लावली होती, लांबलचक, रस्त्यापर्यंत गेलेली. वात जळत पहिल्या फटाक्याशी आली, आणि आवाज व्हायच्या आत पप्पा चटकन वळले, वाकले आणि दोन्ही तळवे त्यांनी तिच्या कानांवर गच्च दाबून धरले. तळवे आता गार नव्हते. धूर उठला, कागदाचे लाल तुकडे उडायला लागले, माणसं तोंडं उघडून ओरडत होती, आणि त्यातलं काहीच तिच्यापर्यंत येत नव्हतं. फक्त डाव्या कानातली ती सुई, एकसारखी, बारीक. पप्पा तसेच वाकून तिच्या ओठांकडे बघत होते, ती काही म्हणतेय का म्हणून.